तिसरी ओटी

शनिवार, १४ मार्च. काम: दुकानाचा पोटमाळा रिकामा करणे.

आमची इमारत महिनाअखेरीस पाडायला घेणार आहेत. नवी होईल तेव्हा होईल. तोवर माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान दोन गल्ल्या सोडून, आत्ताच्या अर्ध्या जागेत. म्हणजे निम्मं सामान जायलाच हवं. दुपारी गिऱ्हाईक ओसरल्यावर शिडी लावली, नाकातोंडावर ओढणी बांधली आणि वर चढले. दोन जळालेले स्टॅबिलायझर निघाले, एक मराठी टाइपरायटर, कोर्टाच्या अर्जांचे कोरे नमुने (तो नमुनाच आता चालत नाही), आणि मागे भिंतीला टेकवून ठेवलेलं, चादरीत बांधलेलं एक गाठोडं. उचललं तर आत पत्रा वाजला.

गाठोडं लगेच ओळखलं. काकांचे शब्द.

काकांच्या मुलीचा फोन सकाळीच येऊन गेला होता. ती पुण्याला असते. वडिलांचा शब्दकोश छापून घ्यायचं तिनं मनावर घेतलंय. प्रेस ठरली आहे, कागद ठरला आहे. "ताई, मी उद्या दहाला येते. तुम्ही टाइप केलेली फाइल तेवढी पेनड्राइव्हवर घालून ठेवा. चिठ्ठ्यांचे डबे काही मला नकोत, ते रद्दीत घाला. सगळं टाइप झालंय ना?"

"झालंय," मी म्हटलं.

झालं होतंच, माझ्याच हातानं. आणि त्यात मी केलेली एक लबाडी होती. ती जगात फक्त मला माहीत आहे, असं शनिवारी दुपारपर्यंत मी समजत होते.

काका नात्यातले नव्हेत. पनवेलच्या बस स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसणारे गृहस्थ. कोकणात उतरणारी आणि घाटावर चढणारी, दोन्हीकडची माणसं इथे गाडी बदलतात. त्यामुळे त्या खिडकीसमोर दिवसभरात जितक्या तऱ्हेचं मराठी येऊन उभं राहायचं, तितकं दुसरीकडे क्वचितच ऐकू येत असेल. बाकीचे कर्मचारी त्या खिडकीला कंटाळायचे. काकांनी ती मागून घेतली होती. पनवेल, उरण आणि मधल्या खाडीकाठच्या गावांतली माणसं जे शब्द बोलतात त्यांचा कोश ते करत होते. त्यांना कुणी तसं सांगितलं नव्हतं. कुठल्या कॉलेजाशी त्यांचा संबंध नव्हता.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते खिडकीच्या बाहेरून. कॉलेजात होते. रांगेत माझ्यापुढे एक म्हातारा होता. त्यानं विचारलं, "सायब, पेनची गारी कवा येल?"

काकांचा चेहरा एखाद्यानं पेढा हातावर ठेवावा तसा झाला. कानावरची पेन्सिल काढली आणि ते लिहायला लागले. रांग खोळंबली. मागून एकजण ओरडला, "ओ साहेब, लिहिताय काय? पेणची गेली का ते सांगा!"

"गेली," काका म्हणाले.

"कधी?"

"आत्ता. तुम्ही ओरडत होतात तेव्हा. छान ओरडलात."

त्यांच्याविरुद्ध तक्रारी जायच्या, यात नवल नव्हतं. नवल हे होतं की त्याच रांगेतली माणसं पुढच्या वेळी पुन्हा त्यांच्याच खिडकीशी यायची. गाडीची वेळ ते अचूक सांगायचे, फक्त आधी तुमचं वाक्य लिहून घ्यायचे.

चिठ्ठ्या लग्नपत्रिकांच्या पाठीवर लिहीत. आमच्या दुकानासमोर एका चाचांचं स्टेशनरीचं आणि पत्रिका छापून देण्याचं दुकान होतं. चाचा कोकणी मुसलमान, दोन मुलगे आखातात. नाव चुकलं, तारीख चुकली की पत्रिकांचा गठ्ठा वाया जायचा; तो काकांचा. जाड कागद, मागची बाजू कोरी. "चुकलेल्या कागदावर बरोबर शब्द," असं काका म्हणायचे आणि स्वतःच हसायचे.

चिठ्ठीवर सगळ्यात वर शब्द. खाली अर्थ, लागला असेल तर. मग ज्या वाक्यात ऐकला ते अख्खं वाक्य. शेवटी 'ऐकले' असं लिहून कुठे आणि कुणाकडून. नाव विचारायचे नाहीत. नाव विचारलं की माणूस सावध होतो, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे 'कळंबोली, लोखंडाच्या ट्रकचा ड्रायव्हर, कानात बिडी' असलं काहीतरी असायचं. अर्थही कुणाला विचारायचे नाहीत. शब्द दुसऱ्यांदा, वेगळ्या वाक्यात भेटेपर्यंत थांबायचे. "एकदा दिसलेल्या माणसाला आपण ओळखतो म्हणतो का? मग शब्दाला कसं म्हणणार?" काही चिठ्ठ्यांवर अर्थाची जागा शेवटपर्यंत कोरी राहिली.

आणि सर्वांत कडक नियम: बोलणाऱ्याला कळता कामा नये. मुद्दाम दिलेला शब्द ते घेत नसत.

चाचांना याचा फार राग. "अरे साहेब, कागद आमचा आणि आमचाच एक लफ्ज नाही घेणार? घ्या की, मुफ्त देतो. आमच्या दादीचा आहे."

"दिलेला नको, चाचा. दिलेला शब्द म्हणजे पाहुण्यांसमोर आणलेलं पोर. केस विंचरून, पावडर लावून. तो घरात कसा वागतो ते मला बघायचंय."

चाचांनी मग वेगळी युक्ती केली. काका आमच्या दुकानात बसलेले असताना रस्त्याच्या पलीकडून गिऱ्हाइकाला मोठ्यानं म्हणाले, "थांबा जरा, मशीनमध्ये कागद गुचकटलाय!" असा शब्द पनवेलात काय, कुठेच नव्हता. काकांनी निमूटपणे चिठ्ठी केली आणि शेवटी लिहिलं: 'बनावट?' चाचांना वाटलं, आपण जिंकलो. पण गंमत पुढेच. मला तो शब्द आवडला. झेरॉक्सच्या मशीनमध्ये कागद अडकून चुरगळतो त्याला दुसरा नेमका शब्दच नव्हता. मी वापरायला लागले, माझं ऐकून वकिलांचे कारकून वापरायला लागले. दोन-तीन वर्षांनी कुठल्याशा गावाहून नव्यानं आलेले एक वकील घाईघाईनं दुकानात शिरले आणि म्हणाले, "बाई, लवकर द्या, आणि गुचकटवू नका हं." काका कोपऱ्यात होते. त्यांनी मला जुनी चिठ्ठी काढायला लावली आणि त्यावरचं 'बनावट?' खोडायला सांगितलं.

"आता आहे," म्हणाले. "शब्द कुणी जन्माला घातला याच्याशी मला कर्तव्य नाही. तिसऱ्या माणसानं गरज लागली म्हणून वापरला, संपलं."

चाचांनी त्या दिवशी गल्लीत सगळ्यांना चहा पाजला.

काकांना भांडणं आवडत. भांडताना माणूस केस विंचरत नाही. एकदा दोन भाजीवाल्या भांडत गाडीत चढल्या, त्यांच्यामागून हेही चढले आणि थेट कळंबोलीला उतरले, कारण भांडण तिथे मिटलं. "फार लवकर मिटलं हो," असं दुसऱ्या दिवशी हळहळून सांगत होते. त्यांच्या पत्नी मूळच्या शहरातल्या, बोलणं अगदी छापल्यासारखं. एकदा त्या दुकानात आल्या होत्या, तेव्हा मला म्हणाल्या, "घरात माझ्याशी काही बोलत नाहीत. माझ्यात त्यांना लिहून घेण्यासारखं काही सापडत नाही ना!" काका मागे उभे होते. त्यांनी नाकारलं नाही.

निवृत्त झाल्यावर त्यांचे डोळे अधू झाले, आणि सात डबे घेऊन ते आमच्याकडे आले. दुकान तेव्हा माझं नव्हतं. मी तिथे टायपिंग करायचे. मराठी टायपिंगची परीक्षा नुकतीच पास झालेली, शुद्धलेखन पक्कं, आणि त्याचा गर्व भरपूर.

हा गर्व कुठून आला तेही सांगायला हवं. मी ओवे गावची. आमच्या घरात आमी, तुमी, हाय, नाय. शाळेत मी बाईंना "पानी पियाला जाऊ का?" विचारलं की पहिला बाक हसायचा. आठवीत मी ठरवलं की हसू द्यायचं नाही, आणि जीभ धुऊन काढली. इतकी स्वच्छ की कॉलेजात कुणाला कळलं नाही. राहता कुठे विचारलं तर खारघर म्हणायचे. खोटं नव्हतं, ओवे खारघरला लागूनच आहे. आई उरण नाक्याच्या बाजारात सुकी मासळी विकायला बसायची. तिचं माहेर उरणकडचं, खाडीवरचं. दुकानापासून तिची जागा चालत दहा मिनिटांवर. ती कधी माझ्या दुकानात आली नाही आणि मी कधी तिला 'ये' म्हटलं नाही.

काका मला पहिल्या दिवसापासून 'अहो बाई' म्हणायचे. तेवीस वर्षांच्या मुलीला. त्यांनी एकच सूचना दिली: "चिठ्ठीवर आहे तसं. काना नाही, मात्रा नाही, काही बदलायचं नाही. दुरुस्ती करायला मी काय गॅरेज काढलंय?"

मी हो म्हटलं आणि पहिल्याच पानापासून दुरुस्ती सुरू केली. मूळ शब्दाला हात लावत नव्हते, निवटी, म्हणजे खाडीच्या चिखलातला मासा, ती निवटीच ठेवायचे. पण खालचं वाक्य माझ्यानं तसंच टाइप होईना. 'पानी' आलं की बोटं आपोआप 'पाणी' करायची. 'आमी'चं 'आम्ही' करायचे, 'नाय'चं 'नाही' करायचे. मला वाटे, मी या माणसांवर उपकार करते आहे. छापल्यावर त्यांना कुणी हसणार नाही.

हे काकांना कळलं नाही, कारण त्यांना वाचता येत नव्हतं. पान तपासायचं म्हणजे मी मोठ्यानं वाचायचं, तेही फक्त शब्द आणि अर्थ. वाक्यं त्यांना तोंडपाठ होती. मी शब्द वाचला की ते डोळे मिटून ते वाक्य स्वतः म्हणायचे. साध्या आवाजात नव्हे. ज्यानं म्हटलं असेल त्याच्या चालीत. ट्रकवाला ट्रकवाल्यासारखा, कोळीण कोळणीसारखी. दुकानातली गिऱ्हाइकं काम सोडून ऐकत उभी राहायची.

अशी आम्ही 'ओ'वर आलो.

'ओटी'च्या तीन चिठ्ठ्या होत्या. एक घरातली ओटी, पुढची पडवी. दुसरी सवाष्णीची, नारळ-तांदळाची. तिसरी चिठ्ठी अशी: 'ओटी. समुद्राचं, खाडीचं पाणी उतरणं. "ओटी लागली का निवट्या दिसतान." ऐकले: उरण नाका, सुकी मासळी विकणारी, चष्म्याला दोरा बांधलेली.'

चष्म्याला तो दोरा मी बांधून दिला होता.

मला काय वाटलं ते नीट सांगते, कारण त्याबद्दल मी नंतर स्वतःला बऱ्याच सबबी दिल्या आहेत. मला लाज वाटली. माझी आई पुस्तकात जाणार, आणि अशुद्ध बोलत जाणार. मी ती चिठ्ठी डब्यात परत खाली सरकवली, आणि टाइप केलं: 'ओहोटी पहा.' वाक्य टाकलंच नाही.

संध्याकाळी काका आले. मी वाचत गेले. "ओटी, एक: घराची पडवी. ओटी, दोन: सवाष्णीच्या पदरात घालतात ते. ओठ."

"थांबा. ओटी तीन होत्या. तिसरी कुठे गेली?"

"दोनच आहेत काका."

"तीन, बाई. चेहरा एक, पण माणसं तीन. तिघांना वेगवेगळी खोली द्यायची, असं मी ठरवून ठेवलंय." आणि डोळे मिटून त्यांनी ते वाक्य म्हटलं. "ओटी लागली का निवट्या दिसतान." माझ्या आईच्या चालीत. शेवटी आवाज जरा वर उचलतात तसा उचलून. मी टाइपरायटरच्या कळांकडे बघत राहिले.

"ती ओहोटी आहे," मी म्हटलं. "ती ओहोटीत घातली."

"चिठ्ठीवर काय आहे?"

"ओहोटी."

त्यांनी चिठ्ठी मागितली नाही; मागून उपयोगही नव्हता, ती त्यांना दिसणार नव्हती. "बरं," म्हणाले. "मग माझा कान गेला. डोळे गेलेच होते."

एवढं बोलून ते छत्री घेऊन गेले.

त्यानंतरचे दोन-तीन आठवडे वाईट होते. मी केलेलं मला दिसत होतं आणि थांबवता येत नव्हतं. काका बाजारात जायचे, पण आता कानामागे हात धरून माणसांना विचारायचे, "काय म्हणालात? पुन्हा एकदा म्हणा." स्वतःचाच नियम मोडत होते. आणि पुन्हा म्हणा म्हटलं की माणूस केस विंचरतोच. 'पानी' म्हणणारा दुसऱ्यांदा 'पाणी' म्हणायचा. काका तेच लिहून घ्यायचे, अंदाजानं, मोठ्या वाकड्या अक्षरात. चाचा मला म्हणाले, "साहेबांना काय झालं? परवा माझ्यासमोर बसून माझ्याच दादीचा लफ्ज मागत होते. मी दिला नाही. म्हटलं, तबियत बरी नाही यांची."

मी दर दिवशी ठरवायचे की आज सांगायचं. दर दिवशी कुणीतरी प्रतिज्ञापत्र घेऊन यायचं.

मग एका बुधवारी ते दुकानात आले ते वडापावाची पुडी घेऊन. "घ्या बाई, गरम आहेत."

"कशाबद्दल?"

"कान साफ झाला," म्हणाले. मला वाटलं, डॉक्टरकडे जाऊन आले असतील. मळ निघाला असेल. मला इतकं हलकं वाटलं की मी दोन वडापाव खाल्ले. त्यांनी हात कानामागे नेणं सोडलं. भांडणांमागे जाणं पुन्हा सुरू झालं. माझं गुपित माझ्यापाशी राहिलं आणि सांगायची निकडही गेली. नंतर दुकान मी चालवायला घेतलं, कॉम्प्युटर आला, कोश पुन्हा त्यात घातला. वाक्यं तशीच विंचरलेली.

आई एकदा घरी जेवताना म्हणाली होती, "एक म्हातारा येतंय बाजारात. घेत काय नाय, भाव बी विचारत नाय. नुस्ता आयकत बसतंय. एकटा हाय बिचारा. मी मुद्दाम बाजूवालीशी जास्ती बोलतंय, त्याला बरा वाटावा म्हनून." त्यांचा सगळ्यात कडक नियम माझ्या आईनं कधीच मोडला होता, हेही मी काकांना सांगितलं नाही.

आई सहा वर्षांपूर्वी गेली. काका त्यानंतर दोन वर्षांनी. त्यांची मुलगी घर आवरताना गाठोडं माझ्या दुकानात टेकवून गेली आणि मी ते न सोडता वर टाकलं.

शनिवारी सोडलं. सात डबे माझ्या ओळखीचे. मधोमध एक आठवा, लहान, झाकणाला चिकटपट्टी. वर कागद: 'टायपिंगला देऊ नये.' मला वाटलं, शिव्या असतील. पण शिव्या तर त्यांनी सातही डब्यांत मोकळ्या हातानं दिल्या होत्या आणि मी दातओठ खात टाइप केल्या होत्या. पट्टी सोलली.

वरची चिठ्ठी: 'मेलू. "मेलू गं आये!" स्टेपलर बोटात गेल्यावर. ऐकले: टंकलेखिका बाई, खारघर (असं सांगतात).'

दुसरी: 'डोला. "डोला बघ याचा, बोंबलासारखा." एक वकील दुकानातून गेल्यावर, स्वतःशी. ऐकले: टंकलेखिका बाई, खारघर (असं सांगतात).'

चाळीसेक चिठ्ठ्या होत्या. वीज गेली तेव्हाची, रिबन तुटली तेव्हाची. सगळ्या माझ्या. आठवीत धुऊन टाकलं म्हणून समजत होते ते सगळं त्या डब्यात वाळवून ठेवलेलं होतं. अक्षर वाकडं, ओळी एकमेकींवर चढलेल्या, पण वाचता येत होतं.

तळाशी ही:

'ओटी (३). पाणी उतरणं. "ओटी दुपारची हाय, दादूसला सकाली कशाला पाठवतंस?" फोनवर, आईशी, हळू आवाजात. बुधवार. ऐकले: टंकलेखिका बाई, खारघर (असं सांगतात). म्हणजे कान ठीक आहे.'

आणि खाली आणखी एक ओळ, वेगळ्या पेन्सिलीनं:

'बाईंना सांगू नये. कळलं तर पुन्हा असं बोलणार नाहीत.'

दादूस म्हणजे माझा मोठा भाऊ. सुटीच्या दिवशी खाडीत निवट्या पकडायला जायचा. आई गावातल्या फोनवरून दुकानात विचारायची, आणि मी तोंडावर हात धरून दोन वाक्यांत उत्तर द्यायचे. काका तेव्हा कोपऱ्यात डोळे मिटून बसलेले असायचे. मला वाटायचं, डुलकी लागली आहे.

मी शिडीच्या पायरीवर बसले. मग खाली उतरून हात धुतले, कारण धूळ होती.

त्यांना माहीत होतं. माझी लबाडी त्या बुधवारी पकडली, मला वडापाव आणून दिला आणि छापायचं पान चुकीचं राहू दिलं. त्यांनी मला माफ केलं असं कुणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. माफ करायचं म्हणजे आधी बोलायला हवं, आणि ते बोलले असते तर एक चांगला झरा आटला असता. त्यांनी हिशोबी माणसासारखं पान सोडलं आणि मला ठेवून घेतलं. याचा मला थोडा रागही आला. तो राग घेऊन मी संगणक चालू केला आणि फाइल उघडली.

पाहिलं ते बरं नव्हतं. शोधा-आणि-बदला करून भागणार नव्हतं. जिथे 'पाणी' आहे तिथे प्रत्येक ठिकाणी 'पानी' नव्हतं, शिकलेली माणसंही त्यांनी ऐकली होती. कुणी काय म्हटलं ते एकेका चिठ्ठीवरच होतं. सगळ्या चिठ्ठ्या पुन्हा काढून प्रत्येक वाक्य जसंच्या तसं घालायचं. दुकान हलवायचं, तेही याच महिन्यात. दुसरा मार्ग सोपा होता: पेनड्राइव्ह द्यायचा, डबे रद्दीत. मग छापून आलेलंच खरं ठरलं असतं, आणि माझी आई, ट्रकवाला, पेणच्या गाडीचा म्हातारा, सगळे माझ्या आठवीतल्या जिभेनं कायमचे बोलत राहिले असते.

रविवारी सकाळी सातला दुकान उघडलं. पहिल्या डब्यातून चष्म्याच्या दोऱ्याची चिठ्ठी शोधून काढली. 'ओहोटी पहा' पुसलं. त्या जागी ओटी, तीन, आणि आईचं वाक्य घातलं. ओहोटीशिवाय, तिच्याच शब्दांत. मग पहिल्या पानावर जाऊन 'अ'पासून सुरुवात केली.

दहाला काकांची मुलगी आली. गाडी बाहेर चालूच ठेवली होती. "झाली ना ताई फाइल?"

"नाय," मी म्हटलं.

ती थबकली. मीही थबकले, गिऱ्हाइकासमोर हा शब्द माझ्या तोंडून गेल्या तीस वर्षांत गेला नव्हता. मग सगळं सांगितलं, लबाडीसकट. ती वडिलांसारखी डोळे मिटून ऐकत होती. शेवटी तिनं विचारलं, "किती दिवस लागतील?"

"पावसाळा लागेपर्यंत. डबे रद्दीत जाणार नाहीत, ते माझ्या घरी नेते."

"बाबांनी तुम्हाला काहीच म्हटलं नाही?"

"लिहून ठेवलं," मी म्हटलं, आणि आठवा डबा तिच्यापुढे केला. तिनं चार-पाच चिठ्ठ्या वाचल्या, हसली, मग तोंड फिरवून बाहेरच्या गाडीकडे बघत राहिली. जाताना म्हणाली, "पुस्तकात तुमचं नाव घालायचंय. टंकलेखन म्हणून, ना?"

"टंकलेखन म्हणून नको. हा डबाही छापा. त्यात मी आहेच."

ती गेल्यावर टेबलावर पडलेली ओटीची चिठ्ठी मी पुन्हा हातात घेतली. आहे तसं ठेवायचं, दुरुस्ती करायची नाही, हे मला आता कळलेलं होतं. तरी लाल पेन काढला आणि एकच दुरुस्ती केली. 'खारघर (असं सांगतात)' यावर काट मारली आणि वर लिहिलं: ओवे.